एक्सवेलँड
एक्सवेलँड : ‘एक्स’ या जुन्या चित्रप्रणालीसाठी लिहिलेले प्रोग्राम आजच्या लिनक्सवरील ‘वेलँड’ प्रणालीत चालवणारा सर्व्हर. एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत सुरू झाली. तिची एक्स-११ ही आवृत्ती १९८७ ची. वेलँडचे काम क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये हाती घेतले. एक्समध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू शकतो, त्यात दाबलेली कळही वाचू शकतो. वेलँडने ही वाट बंद केली, आणि ते योग्यच झाले.

मात्र त्यामुळे जुने प्रोग्राम टाकून द्यावे लागले नाहीत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने शिकवलेले एक्सफिग हे आकृत्या काढण्याचे साधन १९८५ चे. जालन्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने आज उबुंटूच्या ताज्या आवृत्तीवर ते उघडले, तर त्याला वेगळे काही करावे लागत नाही. एक्सवेलँड आपोआप मध्ये येतो. एक्सफिगच्या लेखी तो एक्स सर्व्हर असतो, वेलँडच्या लेखी इतरांसारखाच एक प्रोग्राम. एक्सफिगने रंगवलेली खिडकी तो वेलँडच्या कंपॉझिटरकडे (सर्व खिडक्या पडद्यावर एकत्र मांडणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवतो आणि माउस व कळफलकाचे संदेश तिकडून आणून देतो. २०१४ मध्ये तो एक्स.ऑर्ग सर्व्हरच्या, म्हणजे लिनक्सवरील नेहमीच्या एक्स सर्व्हरच्या, १.१६ आवृत्तीत सामील झाला. २०२१ पासून त्याच्या आवृत्त्या स्वतंत्रपणे निघतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून २०२५ साली एक्स.ऑर्ग सर्व्हर गेला, एक्सवेलँड राहिला.

मराठी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. जोडाक्षरे जुळवण्याचे आणि वेलांट्या जागेवर बसवण्याचे काम पडदा सांभाळणारा सर्व्हर करत नाही. ते प्रोग्राममधील पँगो किंवा हार्फबझसारख्या लायब्रऱ्या करतात. म्हणून एक्सटर्म या एक्सच्या जुन्या टर्मिनलमध्ये देवनागरी पूर्वी विस्कटत असे, तशीच एक्सवेलँडवरही विस्कटते. फाँट बदलून हा दोष जात नाही. प्रोग्रामच बदलावा लागतो.

एक्सवेलँडला मर्यादाही आहेत. पडद्यावरचे सगळे मोठे करून दाखवताना जुन्या खिडक्यांतील अक्षरे अनेकदा धूसर दिसतात. संपूर्ण पडद्याचे चित्र टिपणारी जुनी साधनेही अडतात, कारण एक्सच्या प्रोग्रामला वेलँडच्या खिडक्या दिसत नाहीत. खिडकी कोणत्या प्रणालीची आहे हे ओळखायला एक्सआइज हा डोळे दाखवणारा एक्सचा छोटा प्रोग्राम पुरेसा आहे : बाण जुन्या खिडकीवर असेतो एक्सआइजचे डोळे बाणामागे फिरतात, बाण वेलँडच्या खिडकीवर गेला की थांबतात.