आहेराचं पाकीट आणि भेटीचं कार्ड

ठाणे-बेलापूर रस्त्याने कोपरखैरण्याहून तुर्भ्याकडे निघालं, की वाटेत पावणे लागतं. मूळ आगरी-कोळी वस्तीचं हे गाव, आणि त्याला लागूनच एमआयडीसीचे प्लॉट. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झालं आणि ठाणे खाडीपलीकडच्या या पट्ट्यात भातशेतीच्या जमिनींवर कारखाने उभे राहू लागले. 1970 मध्ये सिडको आली, नवी मुंबई आखली गेली. गाव मात्र जागच्या जागी राहिलं.

अशा ठिकाणी वर्षातून दोनदा भेटींचा हंगाम येतो. एक लग्नसराईत. हळदीची रात्र, धवलारणीची गाणी, मांडवात आहेराची वही घेऊन बसलेला घरातला जरा लिहिता-वाचता माणूस. दुसरा हंगाम दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, कारखान्यांच्या फाटकाशी. पाळी सुटते तेव्हा बाहेर पडणाऱ्यांच्या हातात मिठाईचा खोका असतो आणि अलीकडे त्याच्याबरोबर एक कुपन किंवा प्लास्टिकचं कार्ड. अमुक दुकानात जा आणि इतक्या रुपयांचं काय हवं ते घ्या.

हे गिफ्ट कार्ड चांगली भेट आहे का, यावर घरोघरी वाद होतात. कुणी म्हणतं, सोय झाली, नको असलेला सहावा टी-सेट तरी टळला. कुणी म्हणतं, यात माया कुठली, त्यापेक्षा सरळ पैसे द्यावेत. हा वाद वाटतो तितका नवा नाही. वस्तू द्यावी की पैसा, आणि पैसा दिला तर त्यावर अट घालावी का, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे.

आहेरापासूनच सुरुवात करू. आहेर म्हणजे मुळात कापडचोपड. लुगडं, धोतर, शेला, टोपी, खण. घरातल्या माणसाने चारचौघांत सुनावलं तर आपण त्याला ‘घरचा आहेर’ म्हणतो, तो थट्टेतला. खरा आहेर मानाप्रमाणे ठरलेला असे: मामाचा वेगळा, आत्याचा वेगळा, विहिणीचा तर फारच वेगळा. पुढे कापडाच्या जागी किंवा कापडाच्या जोडीला पाकीट आलं. पाकिटात अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. शंभराच्या नोटेवरचा तो एक रुपया फार महत्त्वाचा. नुसते शंभर दिले तर हिशेब चुकता केल्यासारखं होतं. वरच्या रुपयाने व्यवहार उघडा राहतो, पुढे चालू राहतो. पाकिटं छापणाऱ्यांनाही हे इतकं पटलं, की रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेली पाकिटं दुकानात मिळू लागली.

म्हणजे रोख रक्कम देणं हे आपल्याकडे कधी कोरडं मानलं गेलं नाही. कोणी किती दिलं हे वहीत लिहिलं जायचं, कित्येक गावांत तर ध्वनिक्षेपकावरून पुकारलं जायचं. परक्याला हा दिखाऊपणा वाटेल. पण ती वही म्हणजे घराची उधारीची वही असते. आज माझ्या मुलीच्या लग्नात आलेले एक्कावन्न उद्या तुमच्या मुलाच्या लग्नात एकशे एक होऊन परतायचे. एका घरावर एकदम आलेला खर्च साऱ्या भावकीने थोडाथोडा उचलायचा आणि पाळीपाळीने फेडायचा, अशी ती बिनव्याजी भिशीच. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने 1925 साली जगभरच्या भेटींवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं भेटीत असतात, असं त्याने मांडलं. आहेराची वही ठेवणाऱ्या कुठल्याही आजीला हे ऐकून फारसं आश्चर्य वाटलं नसतं.

आणि ज्याला आपण कुपन म्हणतो त्याचा देशी अवतारही आपल्या कपाटात पूर्वीपासून पडून आहे. तो म्हणजे ओटीतला ब्लाऊजपीस. आलेल्या दहांपैकी शिवला जातो एखादा. बाकीचे नऊ घडीसकट पुढच्या हळदीकुंकवाला, पुढच्या बारशाला रवाना होतात. टोपी-टॉवेलचंही तेच. अधूनमधून आपणच दिलेला खण चार वर्षांनी आपल्याच ओटीत येतो आणि आपण तो ओळखतो, पण बोलत नाही. यावर विनोद पुष्कळ झाले आहेत, मला मात्र ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. हा खण चलनासारखा फिरतो. त्याला एकच दुकान बांधलेलं नसतं, त्याची मुदत संपत नाही आणि तो पडून राहिला म्हणून कुठल्या कंपनीचा फायदा होत नाही.

हा झाला बरोबरीच्या माणसांमधला व्यवहार. वरच्याने खालच्याला द्यायचं, की चित्र बदलतं. दरबारात खालून वर नजराणा जाई आणि वरून खाली पोशाख, वस्त्रं येत. 1674 साली शिवराज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तो भेटी घेऊन, त्यांत हिऱ्याची अंगठी होती. पण तो नुसता अभिनंदनाला आला नव्हता, त्याला व्यापाराचा तह करून घ्यायचा होता. अशा भेटीत घेणाऱ्याच्या आवडीपेक्षा देणाऱ्याचा हेतू मोठा असतो.

कारखान्याच्या फाटकावरची भेट या दुसऱ्या जातीची. तिचा इतिहास समजून घ्यायला पावण्याहून खाडी ओलांडून गिरणगावात जावं लागतं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांना भरघोस नफा झाला आणि महागाईही भडकली. 1917 मध्ये मालकांनी मजुरीवर 10 टक्के युद्धभत्ता दिला, पुढे तो वाढला, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षं नफ्यातून वार्षिक बोनस मिळू लागला. ही मालकांच्या मर्जीची भेट होती. कामगारांनी मात्र तो आपल्या कमाईचा भाग धरला. गावी पाठवायचे पैसे, कर्जाचा हप्ता यांचा हिशेब त्यावर बसू लागला. 1923 मध्ये मालकांनी हात आखडता घेतला. 1924 च्या जानेवारीत दीड लाखांवर कामगार संपावर गेले. जवळजवळ दोन महिने गिरण्या बंद राहिल्या. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने निर्वाळा दिला, की रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी यांपैकी कशाच्याही आधारे कामगारांना बोनसवर हक्क सांगता येत नाही. भेट ती भेट. दिली तर दिली. संप मोडला.

ही भेट हक्क व्हायला चार दशकं लागली. 1950 मध्ये गिरण्यांच्याच खटल्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने बोनस काढायचं सूत्र घालून दिलं आणि 1965 मध्ये बोनसचा कायदा झाला. सुरुवातीला किमान 4 टक्के, पुढे 8.33 टक्के. हा विचित्र आकडा कुठून आला? शंभराला बाराने भागा. म्हणजे वर्षाकाठी एक महिन्याचा पगार.

त्याच गिरण्यांतली दुसरी गोष्ट कमी लोकांना आठवते. विणताना कापडात दोष राहिला, की ते खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत मजुरीतून कापायची. आता हे कापड विकून पैसे करणं हे त्या विणकराचं काम. मजुरी वस्तूत देण्याच्या अशा प्रकारांना 1936 च्या वेतन कायद्याने पायबंद घातला: मजुरी द्यायची ती चलनी नाण्यांत किंवा नोटांत. 1965 च्या कायद्यानेही बोनस रोखीत द्यायला लावला. 21 नोव्हेंबर 2025 पासून या दोन्ही कायद्यांची जागा वेतन संहितेने घेतली. तिच्यानुसार बोनस थेट बँक खात्यात जमा करायचा आहे. याचा सरळ अर्थ असा, की कार्ड किंवा कुपन हे बोनसच्या जागी चालत नाही. बोनस देऊन वर काय द्यायचं ती मालकाची हौस.

मग कंपन्यांना कार्डाची एवढी हौस का? एक कारण आयकरात आहे. 2001 मध्ये आलेल्या नियमांत मालकाने दिलेली वस्तू किंवा व्हाउचर वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत करातून मोकळं ठेवलं होतं. तेवढीच रक्कम रोख दिली तर मात्र तो पगार धरला जाई. दुसरं, घाऊक कार्डं घेतली की दुकानदार सूट देतो. तिसरं कारण कार्डाच्या पोटातच आहे, तिकडे येतो.

बाजारात विकलं जाणारं भेटीचं कुपन फार जुनं नाही. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड रेमंड या प्रकाशकाने 1932 साली ‘बुक टोकन’ सुरू करवलं. लोकांना पुस्तक भेट द्यायचं असतं पण कुठलं द्यावं ते कळत नाही, म्हणून हे टोकन द्यायचं आणि घेणाऱ्याने देशातल्या कुठल्याही सहभागी पुस्तकदुकानातून आपल्या पसंतीचं पुस्तक घ्यायचं. आपल्याकडे बँकांनी गिफ्ट चेक काढले. रंगीत, वेलबुट्टीचे, आहेराच्या आकड्यांना साजेसे. ते बँकेत भरले की चक्क पैसे मिळत. आहेराच्या पाकिटाचंच ते छापील रूप म्हणायचं. 1990 च्या दशकात अमेरिकेत प्लास्टिकची कार्डं आली, ब्लॉकबस्टर या व्हिडिओ-दुकानांच्या साखळीने ती काउंटरवर टांगली, आणि दहा-पंधरा वर्षांत ती मॉलच्या मागोमाग आपल्या वाशीपर्यंत पोचली.

गिफ्ट चेक आणि गिफ्ट कार्ड दिसायला भावंडं, पण त्यांच्यात मोठा फरक आहे. चेकचे पैसे होतात, कार्डाचे होत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशांत भेटीच्या कार्डाला 10,000 रुपयांची मर्यादा घातली आहे आणि त्यातून रोख काढायला मनाई आहे. मुदत किमान एक वर्षाची हवी. पण हे निर्देश अनेक दुकानांत चालणाऱ्या कार्डांसाठी आहेत. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःपुरतं काढलेलं कार्ड त्यांच्या कक्षेबाहेर राहतं. तिथे दुकान सांगेल ती मुदत. कार्ड विसरलं, मुदत संपली, शेवटचे सत्तर रुपये उरले आणि तेवढ्यात काही बसेना, तर ते पैसे राहतात दुकानाकडे. मघाशी म्हटलेलं तिसरं कारण हेच: सगळी कार्डं शेवटच्या रुपयापर्यंत वापरली जात नाहीत, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आणि दुकानच बुडालं तर? 2008 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या शार्पर इमेज कंपनीने दिवाळखोरी पुकारली आणि स्वतःचीच कार्डं घेणं थांबवलं. नंतर ती घ्यायला लागली, पण कार्डाच्या दुप्पट रकमेची खरेदी करा, या अटीवर.

‘धर्माची गाय आणि दात का नाय’ असं आपण म्हणतो. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1993 मध्ये हे दातच मोजले. नाताळात मिळालेल्या वस्तू तुम्ही स्वतः किती किमतीला घेतल्या असत्या, असं त्याने विद्यार्थ्यांना विचारलं. उत्तरांवरून किमतीच्या दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत नुकसान निघालं. शंभराची भेट घेणाऱ्याला साधारण पाऊणशेची. (गावाच्या नावावर कोटी करायचा मोह इथे आवरत नाही: भेट नेहमी पावणेच निघते.) लांबच्या नातेवाइकांच्या वस्तूंत ही घट जास्त होती. माझ्या मते कार्डाचा खरा उपयोग इथेच आहे. ज्याची आवड ढोबळमानाने माहीत आहे, नेमकी नाही, अशा माणसाला. पुस्तकं वाचणाऱ्या भाचीला पुस्तकांच्या दुकानाचं कार्ड ही उत्तम भेट आहे. त्यात ‘तू वाचतेस हे मला माहीत आहे’ एवढं तरी म्हटलेलं असतं. ज्याच्याबद्दल तेवढंही माहीत नाही, त्याला पाकीट द्यावं, वर एक रुपया ठेवून.

पावण्याच्या फाटकावर मात्र हा हिशेब वेगळा लागतो. कायम कामगाराला बोनस खात्यात मिळालेला असतो, कार्ड त्याच्यावरचा पेढा. त्याच पाळीत, त्याच यंत्रावर काम करणारा कंत्राटी कामगार कंपनीच्या पटावर नसतो, ठेकेदाराच्या पटावर असतो. कायद्याने त्याचाही बोनस असतो. पण तो कोणापाशी मागायचा आणि मागितला तर पुढच्या महिन्यात काम राहील का, ही त्याची धास्ती. त्याच्या हातात पुष्कळदा मिठाईचा खोका आणि कुपन एवढीच दिवाळी येते. त्याला ते कुपन मॉलमध्ये न्यायचं तर रिक्षाचे पैसे घालावे लागतात. घरी बिहारला किंवा मराठवाड्यात पाठवायचं तर ते तिथे चालत नाही. मग तो ते कुणा ओळखीच्याला थोड्या कमी पैशांत देऊन टाकतो. गिरणीतला विणकर खराब कापड घेऊन बाजारात उभा राहायचा, तसा.

जाता जाता एक आठवण करून द्यायला हवी. 1961 च्या हुंडाबंदी कायद्याखाली 1985 मध्ये केलेल्या नियमांनुसार वधू आणि वर या दोघांनाही लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवावी लागते. प्रत्येक भेटीचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातेवाईक असल्यास नातं. मांडवातल्या त्या वहीत हे रकाने जवळजवळ सगळे आधीपासून होते. आता तिथे कार्डं येऊ लागली आहेत, तर एक रकाना वाढवावा: मुदत कधी संपते.