टाकीत ओतायचा साबण

१९७० साली अमेरिकेत टीव्हीवर एक जाहिरात गाजत होती. गाडीच्या सायलेन्सरला मोठा पारदर्शक फुगा बांधलेला. इंजिन सुरू होतं आणि फुगा काळ्या धुराने भरत जातो. मग तीच गाडी, पण नव्या पेट्रोलच्या सहा टाक्या जाळून झाल्यावर. आता फुगा आरपार दिसेल इतका स्वच्छ. हे सगळं सांगायला उभा होता स्कॉट कार्पेंटर, पृथ्वीभोवती फेऱ्या मारून आलेला अंतराळवीर. पेट्रोल होतं शेव्हरॉनचं, म्हणजे स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीचं, आणि त्यात मिसळलेल्या रसायनाचं नाव होतं एफ-३१०.

फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी लावली तेव्हा फुग्यातली हवा निघाली. पहिला फुगा काळाभोर दिसावा म्हणून ती गाडी आधी मुद्दाम बनवलेल्या घाण इंधनावर चालवलेली होती. शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन डोळ्यांना दिसतच नाहीत, तेव्हा दुसरा फुगा निर्मळ दिसला म्हणून तो निर्मळ असतो असं नाही. प्रकरण अपिलात गेलं. १९७८ साली न्यायालयाने आयोगाच्या आदेशाची व्याप्ती कमी केली, पण जाहिरात दिशाभूल करणारी होती हे मान्यच केलं.

गंमत अशी, की एफ-३१० हे रसायन बोगस नव्हतं. ते खरोखर साफसफाई करायचं. खरं औषध आणि फुगवलेला दावा एकाच बाटलीत भरून विकण्याची या धंद्याची रीत तेव्हापासून आजवर टिकून आहे. आपल्याकडे गाडी सर्व्हिसिंगला दिली की बिलात ‘फ्युएल सिस्टिम क्लीनर’ अशी एक ओळ गुपचूप येऊन बसते, तिचं गोत्र हेच. ही बाटली इंजिनाच्या भल्याची की वाईटाची, या वादाला मी सरळ उत्तर देणार नाही, कारण ती कोणत्या इंजिनासाठी जन्मली हे कळल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

आधी घाणीचा जन्म पाहू. सुरुवातीचं पेट्रोल म्हणजे कच्चं तेल तापवून जे हलकं निघेल ते. मोटारी वाढल्या तशी ती धार पुरेना. तेव्हा इंडियानातल्या व्हायटिंगच्या रिफायनरीत विल्यम बर्टन या रसायनशास्त्रज्ञाने जड तेलाचे मोठे रेणू उष्णता आणि दाबाखाली तोडायची पद्धत बसवली. १९१३ साली तिचं पेटंट मिळालं. तेवढ्याच कच्च्या तेलातून जवळजवळ दुप्पट पेट्रोल निघू लागलं. पण तोडलेल्या रेणूंना शांत बसवत नाही. ते हवेतल्या ऑक्सिजनशी आणि एकमेकांशी जुळत राहतात आणि डिंकासारखा चिकट गम तयार होतो. गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या जेटमध्ये जो पिवळट थर धरतो, तो हाच.

बाटलीबंद औषधाचा आद्यपुरुष शोधायचा तर बर्ट पियर्स हे नाव घ्यावं लागेल. मार्व्हल नावाचे कार्बोरेटर बनवणारा हा माणूस. आपल्याच कार्बोरेटरचे जेट तुंबतात हे पाहून त्याने १९२३ साली एक तांबडं तेल तयार केलं. त्यात काय काय आहे असं विचारलं की तो ‘ते गूढ आहे’ म्हणायचा, म्हणून नाव पडलं मार्व्हल मिस्टरी ऑइल, अशी कंपनीची आख्यायिका. आख्यायिका खरी असो वा नसो, शंभर वर्षांनंतरही ते तेल विकलं जातं. घटकांची यादी विचारणाऱ्याला गूढ हसून वाटेला लावण्याची परंपराही तितकीच जुनी समजायला हरकत नाही.

त्याच १९२३च्या फेब्रुवारीत ओहायोतल्या डेटन शहरात शिसं घातलेलं पेट्रोल पहिल्यांदा पंपावर आलं. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात टॉमस मिजलीने १९२१च्या डिसेंबरात शोधून काढलं होतं, की टेट्राएथिल लेड चिमूटभर घातलं तरी इंजिनाचं ठोकणं, म्हणजे नॉकिंग, थांबतं. ठोकणं थांबलं, पण जळून उरलेला शिशाचा ऑक्साइड प्लगवर आणि व्हॉल्व्हवर बसू लागला. मग त्या शिशाला बाहेर काढणारा सोबती शोधावा लागला, एथिलीन डायब्रोमाइड. त्यातलं ब्रोमीन शिशाला पकडून उडून जाणारं संयुग बनवतं आणि सायलेन्सरवाटे बाहेर नेतं. या कामाला ब्रोमीन इतकं लागू लागलं, की १९३४ साली नॉर्थ कॅरोलायनात क्यूर बीचला खुद्द समुद्राच्या पाण्यातून ते काढायचा कारखाना उभा राहिला. इंजिन स्वच्छ ठेवण्यासाठी इंधनातच काहीतरी मिसळावं, ही कल्पना इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अमलात आली. इंजिनातला कचरा रस्त्यावरच्या माणसांच्या फुप्फुसात गेला, हा तिचा दुसरा भाग. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल देशभर बंद व्हायला १ फेब्रुवारी २०००ची तारीख उजाडावी लागली.

एवढं करूनही शिशाचा थर पूर्ण हटला नाही. १९५३च्या सुमारास शेलने पेट्रोलमध्ये टीसीपी, म्हणजे ट्रायक्रेसिल फॉस्फेट घालायला सुरुवात केली. त्याने प्लगवर बसलेल्या शिशाचं रूप बदलतं आणि ठिणगी चुकत नाही. पुढच्याच वर्षी, १९५४ साली, शेव्हरॉनने खऱ्या अर्थाने साबण असलेलं पेट्रोल बाजारात आणलं. साबण म्हणायचं कारण रेणूची घडण. एका टोकाला नायट्रोजन असलेलं अमाइनचं डोकं, जे धातूला आणि घाणीला चिकटतं. दुसऱ्या टोकाला हायड्रोकार्बनची लांब शेपटी, जी पेट्रोलमध्ये सुखाने तरंगते. डोकं घाणीला धरतं, शेपटी तिला प्रवाहात ओढते.

हा पहिला साबण फक्त कार्बोरेटरपुरता होता. शहरात गर्दी वाढलेली, गाडी सिग्नलला थांबून थांबून चालणारी, आणि क्रँककेसमधली तेलकट वाफ बॉनेटखाली घुटमळणारी. ती कार्बोरेटरच्या तोंडाशी जमायची आणि आयडलिंग बिघडायचं. पुढे १९६१ साली कॅलिफोर्नियात हवा शुद्ध राहावी म्हणून ती वाफ बाहेर न सोडता परत इंजिनात वळवणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह नव्या गाड्यांना बसू लागला. बाहेरची हवा सुधारली आणि तोच तेलकट मळ थेट इनटेकच्या वाटेवर येऊन पडू लागला. या कथेत प्रत्येक सुधारणा पुढच्याच्या दारात कचरा टाकून जाते.

इनटेक व्हॉल्व्ह कार्बोरेटरपेक्षा कितीतरी तापतो. साधा अमाइन तिथे टिकत नाही. म्हणून शेपटी अधिक लांब आणि चिवट केली, पॉलिब्युटीन अमाइनची. तेच एफ-३१०. त्याने व्हॉल्व्हपर्यंतचा रस्ता साफ राहू लागला, आणि क्लीनरने इंजिनाचं नुकसान होतं या समजाला पहिला खरा आधारही याच कुळातून मिळाला. ही लांब शेपटी ज्वलनकक्षात पूर्ण जळत नाही. उरलेला अंश पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडवर कार्बन म्हणून चढतो. कार्बन चढला की कक्षातली जागा किंचित कमी होते, उष्णता अडकते, आणि काल ज्या पेट्रोलवर गाडी मुकाट चालत होती त्याच पेट्रोलवर ठोकू लागते. दुसरा त्रास थंड मुलखातला. रसायन जास्त झालं तर गोठत्या सकाळी ते व्हॉल्व्हच्या दांड्यावर घट्ट होतं, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि गाडी सुरूच होत नाही. युरोपात यासाठी फोक्सवॅगनच्या पाण्याने थंड होणाऱ्या व्हॅन-इंजिनावर वेगळी चाचणी ठरवावी लागली. तेव्हा ‘क्लीनर घातल्याने इंजिन बिघडलं’ म्हणणाऱ्या माणसाला वेड्यात काढू नये. त्याचं म्हणणं एका विशिष्ट रसायनाबद्दल, विशिष्ट मात्रेत, अगदी खरं होतं.

१९८०च्या सुमारास शेव्हरॉननेच पॉलिइथर अमाइन आणलं, आजच्या चांगल्या बाटल्यांत असतं ते पीईए. त्याच्या शेपटीत जागोजागी ऑक्सिजन आहे, म्हणून ते व्हॉल्व्हवर टिकतं आणि कक्षात गेलं की मागे फारसं काही न ठेवता जळतं. उलट तिथला जुना कार्बनही थोडा सोडवतं. रसायन अगदी वेळेवर आलं. १९८४ नंतर अमेरिकन गाड्यांत कार्बोरेटर जाऊन प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर आला, आणि गाड्या धडाधड ‘मिसिंग’ मारू लागल्या. तुंबायला लांब पल्ला लागत नव्हता, उलट जवळच्या फेऱ्यांनी काम बिघडत होतं. इंजिन बंद केलं की वारा थांबतो, पेट्रोलचा प्रवाह थांबतो, आणि इंजेक्टरच्या तोंडाशी राहिलेला थेंब गरम धातूवर भाजत बसतो. यासाठी ठरवलेली प्रमाणित चाचणीही तशीच आहे: गाडी १५ मिनिटं चालवायची, ४५ मिनिटं गरम उभी ठेवायची, आणि असं करत १०,००० मैल. मुलांना शाळेत सोडून भाजी घेऊन परतणारी आपली गाडी रोज नकळत हीच परीक्षा देते.

बीएमडब्ल्यूने त्याच काळात व्हॉल्व्हसाठी आपली कसोटी लावली. ३१८आय गाडी १०,००० मैल पळवायची आणि मग व्हॉल्व्ह काढून वजन करायचं. सरासरी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मळ निघाला तर पेट्रोल नापास. अमेरिकन सरकारने १ जानेवारी १९९५पासून सगळ्याच पेट्रोलमध्ये डिटर्जंट सक्तीचं केलं. सक्तीचा परिणाम मात्र उलटा झाला. पूर्वी ज्या कंपन्या हौसेने जास्त घालत होत्या, त्यांतल्या बऱ्याच जणी कायद्याच्या किमान रेषेवर येऊन थांबल्या. शेवटी २००४ साली बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या गाडीवाल्यांनीच ‘टॉप टियर’ नावाचा कडक दर्जा ठरवला. २०१६ साली ट्रिपल-ए या वाहनचालक संघटनेने दोन्ही प्रकारची पेट्रोलं चाचणीला लावली, तेव्हा साध्या पेट्रोलने इनटेक व्हॉल्व्हवर धरलेला मळ टॉप टियरच्या सरासरी १९ पट निघाला. मला ही संख्या बाटलीच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा बोलकी वाटते. रोजच्या पेट्रोलात पुरेसा साबण असेल तर वेगळी बाटली विकत घ्यायचं कारण बरंचसं संपतं.

भारतात भारत पेट्रोलियमने २००२ साली ‘स्पीड’ आणलं आणि डिटर्जंटवाल्या महागड्या पेट्रोलची सवय लोकांना लागली. पण आपल्याकडे टाकीतल्या मळाची चर्चा भेसळीशिवाय होत नाही. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं की ऑक्टेन घसरतो आणि नीट न जळलेलं जड इंधन मागे काजळी ठेवतं. या भेसळीच्या धंद्याची ताकद २५ जानेवारी २०११ला महाराष्ट्राने पाहिली. मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे जिवंत जाळण्यात आलं. या पार्श्वभूमीवर बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत. पीईए हा खरा कामाचा भाग. बाकीचा बराचसा द्रव म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेलं हलकं सॉल्व्हंट, जवळपास रॉकेलचंच भावंड. स्वस्त बाटलीत पीईए नसतंच, नुसतं भावंडच असतं.

मग ओतावी की नाही? गाडी वॅगन-आरसारखी, म्हणजे इंजेक्टर इनटेकच्या वाटेवर असलेली, फेऱ्या जवळच्या, पिकअप मंदावलेला आणि प्लग, कॉइल, एअर फिल्टर तपासून झालेले, तर पीईए असलेली एक बाटली भरलेल्या टाकीत ओतून बघावी. फरक पडतो. ऑइल बदलायच्या आधीची टाकी यासाठी बरी, कारण या रसायनाचा थोडा भाग रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरतो. दर महिन्याला ओतणाऱ्याचं ऑइल अकारण पातळ आणि मळकट होतं. नव्या, विनातक्रार गाडीला बाटली म्हणजे नुसती बिलाची भर. जुन्या गाडीच्या टाकीत वर्षानुवर्षं थर बसला असेल तर तो सुटून फिल्टर तुंबू शकतो. उसापासून निघणारं इथेनॉलही चांगलंच सॉल्व्हंट आहे, त्यामुळे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पहिल्यांदा प्यायलेल्या जुन्या गाडीत हाच अनुभव बाटलीशिवायही येतो. दुचाकींचं म्हणाल तर एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं आणि त्यांचेही कार्बोरेटर गेले. जेट फुंकून, तार घालून साफ करायचा मेस्त्रीचा हातखंडा उपाय इंजेक्टरवर चालत नाही.

टीएसआय, टी-जीडीआय अशी अक्षरं मिरवणाऱ्या गाड्यांचा प्रश्न निराळा आहे. मित्सुबिशीने १९९६ साली गॅलंटमध्ये डायरेक्ट इंजेक्शन आणलं तेव्हापासून हा प्रकार वाढत गेला. यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला ते शिवतच नाही, आणि पीसीव्हीची तेलकट वाफ मात्र तिथूनच जाते. टाकीत कितीही उंची क्लीनर ओता, इंजेक्टरचं टोक आणि पिस्टनचा माथा धुतला जाईल, व्हॉल्व्ह मात्र कोरडाच राहील. या गाड्यांचा व्हॉल्व्ह साफ करायचा तर मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाच्या हवेने त्यावर मारतात. टरफल कार्बन उडवण्याइतकं कडक असतं आणि धातूला ओरखडा न पडण्याइतकं मऊ. टोयोटाने २००५पासून काही इंजिनांत डायरेक्ट इंजेक्टरच्या जोडीला जुन्या जागेवर दुसरा इंजेक्टर पुन्हा बसवला. त्यामागे ताकदीची आणि धुराची गणितं होती, पण जाता जाता व्हॉल्व्ह धुतला जाऊ लागला. या दोन इंजेक्टरवाल्या इंजिनांत टाकीत ओतलेली बाटली व्हॉल्व्हपर्यंत पोचते.