वाट दाखवणारा रेडिओ

'शिरूरला निघालोय' म्हटलं, की समोरचा विचारतो, 'कोणतं शिरूर?' बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला म्हणूनच जुनी माणसं घोडनदी म्हणतात. बरं, या तालुक्यात रांजणगावंही दोन! एक अष्टविनायकांतलं रांजणगाव गणपती, दुसरं भीमेकाठचं रांजणगाव सांडस. नुसत्या नावावर विसंबणारा इथं चुकायचाच. पण सुमारे १८ अंश ५० मिनिटं उत्तर आणि ७४ अंश २३ मिनिटं पूर्व असं सांगितलं, तर घोडनदीचं शिरूरच सापडतं. हे आकडे आज मुठीत मावणारं यंत्र दाखवतं. इथवर यायला मात्र दोनशे वर्षं लागली.

१८०२ साली विल्यम लॅम्ब्टन यानं मद्रासजवळ जमिनीवर साखळी अंथरून मोजणी सुरू केली. उंचवट्यांवरून कोन मोजत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत ती देशभर गेली. त्या पायावर सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे उभे राहिले. शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावं त्यातल्या '४७ जे' या चौकोनात येतात. संरक्षणाच्या कारणानं अनेक नकाशांवर बंधनं होती. २००५ च्या धोरणानं नागरिकांसाठी वेगळी नकाशामाला ठरवली आणि २०२१ मध्ये नियम बरेच सैल झाले.

दरम्यान नकाशा आकाशात गेला होता. अमेरिकेनं जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला, तो लष्करासाठी. १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं. त्यानंतर ही सोय नागरिकांनाही देण्याचं अध्यक्ष रेगन यांच्या सरकारनं जाहीर केलं. १९८९ मध्ये मॅगेलन कंपनीचं हातात धरायचं यंत्र बाजारात आलं. पण नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, साधारण शंभर मीटरची. भर समुद्रातल्या जहाजाला ती चालून जाई. डोंगरातल्या माणसाला कड्याची कोणती बाजू, हेच कळत नसे. १ मे २००० रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी, अध्यक्ष क्लिंटन यांनी ही चूक काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. दोनच दिवसांनी ओरेगॉन राज्यात एकानं रानात डबा लपवून त्याचे आकडे प्रसिद्ध केले. 'शोधा म्हणजे सापडेल' असा नवा खेळ जन्मला. भटक्यांची खरी सुरुवात तिथून झाली.

मंडळी, हे यंत्र म्हणजे तुमच्या ट्रान्झिस्टरचा चुलतभाऊच. ते बोलत नाही, नुसतं ऐकतं. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह अचूक घड्याळातली वेळ सांगत असतात. संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र अंतर काढतं. चार उपग्रह ऐकू आले, की जागा ठरते. म्हणून मोबाइलची रेंज नसलेल्या माळावरही ते चालतं. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं मात्र वेगळी. त्यांना आपल्याकडे परवाना लागतो.

कारगिल युद्धात अमेरिकेनं भारताला ही माहिती नाकारली, असं सांगितलं जातं. पुढे भारतानं २०१३ ते २०१६ या काळात आपली 'नाविक' मालिका उभी केली. तिच्यातली काही घड्याळं बंद पडली. २०२३ मध्ये सोडलेल्या नव्या उपग्रहात भारतीय बनावटीचं घड्याळ बसवलं गेलं.

तरीही यंत्राला एक गोष्ट कळत नाही. दौंड तालुक्यातल्या शिरापूरच्या काठावर उभं राहून सिद्धटेकचे आकडे टाका. बाण सरळ समोर दाखवील, अंतरही थोडंच. मध्ये भीमा आहे, हे त्या बाणाच्या गावीही नसतं. पूल होण्याआधी तिथं भाविक होडीनं पलीकडे जात. बाणाला होडी लागत नाही, माणसाला लागते.

शिरूरच्या टाकळी हाजीपाशी कुकडी नदीनं काळ्या खडकात रांजणखळगे कोरले आहेत. पलीकडचा काठ पारनेरच्या निघोजचा. खळगे खोल, कडा निसरड्या. चांगल्या यंत्राचीही पाच-दहा मीटरची चूक असतेच. नकाशावर ती दिसतही नाही; खळग्याच्या काठावर ती जिवावर बेतू शकते. पडद्याकडे बघत पावलं टाकायची ही जागा नव्हे.

म्हणून निघाल्या जागेची खूण आधी यंत्रात साठवा, जादा सेल घ्या, कागदी नकाशा आणि होकायंत्र सॅकमध्ये असू द्या. आणि वाटेत गुराखी भेटला तर थांबून विचारा, 'मामा, नदीला उतार कुठं आहे?' आपण कुठं आहोत, हे यंत्र सांगेल. पुढं पाणी किती आहे, ते मामाच सांगतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)