आरोग्य सेतू आणि संपलेली बॅटरी

आरोग्य सेतू आठवतंय ना? २ एप्रिल २०२०ला आलं. १ मेच्या केंद्राच्या आदेशानं नोकरदारांना सक्तीचं झालं, १७ मेला ती सक्ती सैल केली. ब्लूटूथ न् जीपीएस कायम चालू ठेवायचं, म्हणून आमच्याकडे ओरड एकच: बॅटरी टिकत नाही.

मित्रांनो, हे दुखणं फक्त आपलं नव्हतं. सिंगापूरचं ट्रेसटुगेदर आपल्याआधी, २० मार्चला आलं. आयफोनवर ते स्क्रीनवर उघडं असेल तरच नीट चालायचं. शेवटी जूनअखेरपासून तिथल्या सरकारनं जवळ बाळगायची छोटी यंत्रंच वाटली. रोज चार्जिंगची भानगड नको!

ॲपल-गुगलनं वेगळी तोड काढली. फोन हाका सतत मारणार, पण ऐकणार दर काही मिनिटांनी, तेही थोडेच सेकंद. बॅटरी वाचली. मधल्या वेळात कोण जवळ येऊन गेलं, ते मात्र निसटू शकतं.

आणि अंतर तरी कुठे मोजलं जात होतं? सिग्नल किती जोरात आला, त्यावरून नुसता अंदाज. फोन मागच्या खिशात असला की अंगच सिग्नल अडवतं, शेजारचा माणूस लांबचा वाटतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी ट्राममध्ये तपासलं, तर लांबच्या फोनचा सिग्नल कधीकधी जवळच्यापेक्षा जोरदार! डब्याच्या धातूवरून लहरी उलटतात. आपली एसटी तरी कशाची असते?

अशा अंदाजावरचा हिरवा रंग दाखवल्याशिवाय इथल्या एका कचेरीत आत सोडत नव्हते. फोन बंद पडला म्हणून मी बातमी सोडून दोनदा परत आलोय.