गुडघा गेला, खेळाडू राहिला

जत्रेच्या आखाड्यात पुढच्या रांगेत जुने पैलवान मानाने बसवलेले असतात. कुस्त्या संपल्यावर त्यांना उठताना बघावं. कितीतरी जण एक हात गुडघ्यावर रोवून उठतात. माझे आजोबा त्यांतलेच. तरुणपणी ते खोडद, नारायणगाव, ओतूर, मंचर या पट्ट्यातल्या जत्रांत कुस्त्या धरायचे. आधी रेवड्यांवर, मग नारळावर, मग रोख इनामावर. अशाच एका कुस्तीत पट काढताना त्यांच्या गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. हाडवैद्यानं वाटी सरकली म्हणून पाय ओढला, आंबेहळद-तुरटीचा लेप दिला, कामट्या बांधल्या. सूज उतरली. सरळ चालणं जमायचं, पण वळलं की गुडघा निसटायचा. घरातले एवढंच म्हणायचे, 'गुडघा गेला.' त्याबरोबर कुस्तीही गेली.

मी कबड्डी खेळले आणि आता पंचक्रोशीतल्या मुलींना कबड्डी शिकवते. माझ्याही गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. पुण्यात शस्त्रक्रिया झाली आणि मी पुन्हा चढाईला उतरले. आजोबांना जे मिळालं नाही ते मला मिळालं. हिमतीत ते माझ्याहून कमी नव्हते. मधल्या काळात जगानं गुडघ्याबद्दल जे शिकून घेतलं, त्याचा हा फरक आहे.

मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत दोन बंधांनी, म्हणजे लिगामेंटनी, बांधलेलं असतं. हे बंध एकमेकांना तिरके छेदतात. त्यांतला पुढचा, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, नडगी पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा आवरून धरतो. चढाईपटू मध्यरेषेकडे परतताना एकदम वळतो, त्याचा पाय जमिनीत रुतलेला असतो आणि वरचं अंग फिरतं. तिथंच हा बंध तुटतो. कित्येकदा समोरच्यानं हातही लावलेला नसतो. मातीत पाय थोडा घसरतो. मॅटवर बुटाचा तळ घट्ट धरून ठेवतो, म्हणून गुडघ्यावर जास्त पीळ बसतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. पूर्ण तुटलेला बंध सहसा आपोआप नीट जुळत नाही, म्हणून लेपानं सूज जायची आणि गुडघा तसाच निसटता राहायचा.

महाराष्ट्राच्या कुस्तीनं याची मोठी किंमत मोजली आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकला मात्र ते जाऊ शकले नाहीत. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनं त्यांची कारकीर्द थांबवली आणि पुढचं आयुष्य त्यांनी पोलीस खात्याच्या नोकरीत काढलं. ज्या माणसाच्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी जमवली, त्याचा गुडघा परत उभा करण्याची सोय त्या काळी देशात जवळपास नव्हतीच.

जगात प्रयत्न मात्र कधीच सुरू झाले होते. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मेयो रॉबसन या शल्यविशारदानं 1895 साली एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले तुटलेले बंध शिवले. 1917 मध्ये ब्रिस्टलचे शल्यविशारद हे-ग्रोव्ह्ज यांनी पुढचं पाऊल टाकलं. तुटलेलं शिवत बसण्याऐवजी त्यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी वळवून नवा बंध घातला. आजच्या शस्त्रक्रियेचं मूळ तिथं आहे. पुढच्याच वर्षी तोक्योत ताकागी या डॉक्टरांनी मृतदेहाच्या गुडघ्यात नळी घालून आत डोकावून पाहिलं. त्या नळीची दुर्बीण व्हायला आणि दुर्बिणीतून एसीएल बसवायला 1980 साल उजाडलं. ते काम इंग्लंडच्या डेव्हिड डँडी यांनी केलं. आपल्याकडे कबड्डीच्या पकडी आणि कुस्तीचे डाव पिढ्यान् पिढ्या घटवले जात होते, पण त्यात मोडलेल्या खेळाडूकडे परतीची वाट नव्हती.

आमचं खोडद जगाला माहीत आहे ते मात्र वेगळ्याच, आकाशाकडे रोखलेल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीमुळे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आमच्या शेतांच्या मधोमध आणि आसपासच्या गावांत पसरलेल्या आहेत. त्या दूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनच्या रेडिओलहरीही टिपतात. माझ्या गुडघ्याचा एमआरआय काढला, तेव्हा ते यंत्र माझ्याच शरीराच्या पाण्यातला हायड्रोजन रेडिओलहरींनी जागवून त्याचं उत्तर ऐकत होतं. नातं इथंच संपत नाही. स्वरूप यांनी स्टॅनफर्डला ज्यांच्याकडे संशोधन केलं, त्या रोनाल्ड ब्रेसवेल यांनी 1956 मध्ये आकाशाच्या तुकड्या-तुकड्यांच्या नोंदींतून पूर्ण चित्र उभं करायचं गणित मांडलं. पुढे शरीराच्या आतली चित्रं काढायला याच जातीचं गणित लागलं. आजोबांच्या गुडघ्यावर वैद्याचा अनुभवी हात होता, पण आत काय तुटलंय ते दाखवणारं काहीच नव्हतं. माझं लिगामेंट तुटल्याचं मी स्वतः पडद्यावर पाहिलं.

शस्त्रक्रियेनंतर सावरण्याचा इतिहास तर त्याहून ताजा आहे. पूर्वी पाय आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये ठेवत. गुडघा आखडायचा, मांडी सुकायची. अमेरिकेतल्या डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आलं की, सूचना न पाळता लवकर हालचाल करणारे रुग्ण जास्त चांगले सुधारतात. 1990 मध्ये त्यांनी लवकर हालचालीची पद्धत मांडली आणि प्लास्टर मागे पडलं. मात्र लवकर हालचाल करणं वेगळं आणि लवकर मैदानात उतरणं वेगळं. बसवलेला नवा बंध पहिल्या काही महिन्यांत उलट कमकुवत होतो आणि मग हळूहळू शरीराचा होतो. त्या काळात दुखत नसतं, म्हणून खेळाडूला वाटतं आपण बरे झालो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं की, नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळजवळ निम्म्यानं उतरत गेला. 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 81 टक्के कोणत्या ना कोणत्या खेळात परतले, पण स्पर्धेच्या पातळीवर 55 टक्केच पोहोचले.

तरीही परतता येतं. मुंबईची अभिलाषा म्हात्रे गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून सावरली आणि 2014 च्या इंचॉन आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणाऱ्या कबड्डी संघात खेळली. कुस्तीपटू विनेश फोगाटचा एसीएल ऑगस्ट 2023 मध्ये तुटला. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीच्या आशियाई स्पर्धा तिनं सोडल्या. वर्षभरानं पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिनं पहिल्याच कुस्तीत गतविजेत्या युई सुसाकीला हरवलं. खाशाबांच्या आणि तिच्या मध्ये सत्तर वर्षं आहेत.

या सत्तर वर्षांतलं ज्ञान आमच्या तालुक्यापर्यंत पोहोचलंय, पण त्याला लागणारा वेळ आम्ही अजून देत नाही. मुलगी पडली की मंडळ वर्गणी काढून शस्त्रक्रिया करून देतं, आणि सामन्यांचा हंगाम आला की तीच माणसं विचारतात, 'कधी उतरवताय?' व्यायामासाठी दर आठवड्याला एसटीनं नारायणगाव किंवा पुणं गाठायचं भाडं मात्र कोणी धरत नाही. माझ्या मुलींसाठी मी नियम केलाय. नऊ महिन्यांच्या आत सामना नाही, आणि त्यानंतरही शस्त्रक्रिया झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर आल्याशिवाय, त्या पायावर लंगडी घालून नीट उतरता आल्याशिवाय मॅटवर पाय नाही.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना, वस्तादांना आणि आईवडलांना माझी हात जोडून विनंती आहे. शस्त्रक्रियेसाठी जमवता त्यातला निम्मा पैसा पुढच्या व्यायामासाठी बाजूला ठेवा. आणि लेकरू स्वतः 'मी बरी आहे' म्हणालं, तरी एक हंगाम त्याला प्रेक्षकांत बसवा.