बॉम जेझसचा लाल रंग

मंडळी, जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस चर्चचा फोटो तुमच्या फोनमध्ये असेलच. लाल, उघड्या जांभ्याच्या भिंती. पण हे चर्च मुळात असं दिसतच नव्हतं!

१५९४ साली काम सुरू झालं, १६०५ मध्ये ते पूर्ण झालं. भिंती जांभ्याच्या, वर चुन्याचा गिलावा. जांभ्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून दर्शनी बाजूच्या नक्षीसाठी काळसर बेसॉल्ट आणला, तोही थेट आपल्या वसईहून. आत सोन्याचा मुलामा दिलेली भव्य लाकडी वेदी.

मग १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीने इमारत ‘जुनी’ दिसावी म्हणून गिलावाच काढून टाकला. जांभा सच्छिद्र असतो. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो पाणी पितोय, झिजतोय. गिलावा पुन्हा करा, अशी मागणी होते. पण मग फोटोतला लाल रंग जाणार. चालेल तुम्हाला?