जुन्या ट्रॅक्टरला मागचे टायर घेताय? नंबर, रिम, तारीख आणि बिल. दुकानात काय काय बघायचं

दहा-पंधरा वर्षं चाललेल्या ट्रॅक्टरचं इंजिन अजून ठणठणीत असतं, पण मागचे टायर चोपडे होऊन जातात. नांगराला जोर पुरत नाही, काळ्या रानात थोडा ओलावा असला की चाक जागेवर फिरतं आणि डिझेल धूर होऊन जातं. मग पेरणी किंवा ऊस वाहतूक तोंडावर आली की घाईघाईत दुकान गाठलं जातं आणि दुकानदार देईल ते टायर घरी येतात. पुढची पाच-सात वर्षं त्याच टायरवर काढायची असतात. म्हणून पैसे देण्याआधी अर्धा तास या गोष्टींवर घालवलेला बरा.

सगळ्यात आधी, टायर खरंच बदलायची वेळ आली का? दात झिजले एवढ्यावरून ठरवू नये. घरच्या घरी एक चाचणी करता येते. मागच्या चाकावर खडूने खूण करायची. शेतात अवजार वर उचलून ट्रॅक्टर चालवायचा आणि चाकाचे १० फेरे होईपर्यंत किती अंतर गेलं ते टेपने मोजायचं. मग त्याच रानात, त्याच गिअरमध्ये नांगर लावून पुन्हा १० फेरे मोजायचे. समजा मोकळा ट्रॅक्टर ३९ मीटर गेला आणि नांगर लावून ३३ मीटरच गेला, तर ६ मीटर म्हणजे साधारण १५ टक्के घसरण झाली. १० ते १५ टक्के घसरण चालते. २० च्या पुढे जात असेल तर डिझेल आणि वेळ दोन्ही वाया चाललंय. मात्र आधी हवा आणि वजन तपासावं. कधी कधी टायर ठीक असतात, चाकातलं पाणी तेवढं गळून गेलेलं असतं.

टायरवरचा नंबर वाचायला शिकावं. १३.६-२८ म्हणजे टायरची रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. मधे आडवी रेघ असेल तर साधा टायर, रेघेच्या जागी इंग्रजी ‘आर’ असेल तर रेडियल. रेडियलवर कधी कधी मिलिमीटरमधला नंबर असतो. ३४०/८५ आर २८ हा १३.६ चाच भाऊ, आणि ३८०/८५ आर २८ हा १४.९ चा. महिंद्रा २६५, स्वराज ७३५ किंवा मॅसी १०३५ या जुन्या ट्रॅक्टरांना १२.४-२८ किंवा १३.६-२८ येतात. ५० एचपीच्या आसपास आणि पुढे १४.९-२८, १६.९-२८ दिसतात. आपल्या गाडीला कोणता चालतो ते पुस्तकात दिलेलं असतं. जुना ट्रॅक्टर सेकंडहँड घेतला असेल तर सध्या चढवलेला टायर मूळचाच आहे असं धरून चालू नये. आधीच्या मालकाने काय केलंय ते पुस्तक बघितल्याशिवाय कळत नाही.

‘एक नंबर मोठा टाका’, हा सल्ला गावात हमखास मिळतो. मोठ्या टायरने पकड वाढते हे खरं, पण त्यासोबत बाकीचंही येतं. नवा १२.४-२८ उंचीला साधारण १२६ सेंटिमीटर असतो, १३.६-२८ सुमारे १३१ आणि १४.९-२८ सुमारे १३६. म्हणजे एक नंबर वाढवला की चाकाचा घेर ४ टक्क्यांनी वाढतो. त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टर तेवढा जोरात पळतो, पण ओढायची ताकद तेवढीच कमी होते. ३५ एचपीच्या थकलेल्या इंजिनाला हे जाणवतं. रिमचाही प्रश्न आहे. १२.४ ला ११ इंची, १३.६ ला १२ इंची आणि १४.९ ला १३ इंची रिम योग्य. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर तो मधून फुगतो, दात मधेच झिजतात आणि कडा मोकळ्या राहतात. टायर मडगार्डला घासतो का तेही बघावं लागतं. शिवाय ज्यांचं मुख्य काम कपाशी-सोयाबीनच्या तासात कोळपणीचं आहे, त्यांना रुंद टायर पीक तुडवतो. तिथे १२.४ च बरा.

फोर व्हील असेल तर जास्त सावध

फोर व्हील ट्रॅक्टरची पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरावीत असा हिशेब कंपनीने गिअरमध्येच बसवलेला असतो. हा फरक १ ते ५ टक्क्यांचा. आता मागे एक नंबर मोठा टायर टाकला तर घेर ४ टक्के वाढला आणि तो हिशेब जवळपास संपला. पुढची चाकं ओढायच्या ऐवजी ढकलली जातात. पुढचे टायर झपाट्याने झिजतात, कडक रस्त्यावर फोर व्हीलचा दांडा अडकून बसतो आणि पुढच्या गिअरवर ताण येतो. ते काम निघालं तर टायरपेक्षा महाग पडतं. नंबर तोच ठेवूनही हा त्रास होऊ शकतो, कारण पुढचे पूर्ण झिजलेले आणि मागचे कोरे असले तरी प्रमाण बिघडतंच. पुढचेही शेवटाला आले असतील तर चारही एकदम बदलावेत. आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हील काढूनच ठेवावं.

टू व्हीलमध्येही एक नवा, एक जुना असं करू नये. दोन्ही बाजूंचा घेर वेगळा असला की सरळ चालतानाही डिफरन्शियलचे गिअर सतत फिरत राहतात आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. पैसे कमी असतील तर महिनाभर थांबून जोडी घ्यावी.

नक्षी कामाप्रमाणे घ्यायची. आपल्याकडे बहुतेक टायर ‘आर-१’ प्रकारचे, म्हणजे साध्या नांगरटीचे आणि वाहतुकीचे. भाताच्या चिखलासाठी ‘आर-२’ असतो, त्याचे दात जवळपास दुप्पट खोल. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत तो कामाचा, पण तोच टायर ट्रॉली लावून डांबरी रस्त्यावर पळवला तर बघता बघता झिजतो. ज्यांची वर्षातली चार महिने ऊस वाहतूकच असते, त्यांनी कमी खोल, रुंद दातांचा आणि १२ प्लायचा टायर बघावा. पऱ्हाटी आणि तुराट्यांच्या रानात कापलेली खोडं टायरमध्ये सुऱ्यासारखी घुसतात, तिथेही जास्त प्लायचा फायदा होतो. प्लाय जास्त म्हणजे पकड जास्त, असं मात्र नाही. तो टायर फक्त जास्त ओझं पेलतो.

रेडियल घ्यावा का? शेतात पकड चांगली, रस्त्यावर आयुष्य जास्त, पण किंमतही जास्त आणि बाजूची भिंत मऊ. खोडक्यांच्या रानात ती भिंत फाटली की सगळाच खर्च वाया. जुन्या ३५-४० एचपीच्या ट्रॅक्टरला साधा टायर बहुतेकांना पुरतो.

दुकानात टायरच्या भिंतीवर चार आकडे शोधावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर ‘नवा’ म्हणून घेऊ नये, घ्यायचाच तर भाव पाडून घ्यावा. ट्यूबही नवीच टाकावी, कारण जुनी ताणलेली ट्यूब आत घडी पडून तिथेच फाटते.

बिलाकडे नीट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जोडीची कर सोडून किंमत ४० हजार धरली तर हा फरक ५,२०० रुपयांचा होतो. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ यात शेतकऱ्याचंच नुकसान, कारण टायर फुगला किंवा दात उखडले तर पक्क्या बिलाशिवाय कंपनी दाद देत नाही. दोन्ही टायरचे सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्यावेत. खोडक्याने कापलेला टायर वॉरंटीत बसत नाही, हेही आधीच माहीत असावं. दुकानदाराशी वाद झाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

बसवताना गंजलेली रिम घासून, रंगवून घ्यावी. रिमला तडा असेल तर टायर पूर्ण काढूनच वेल्डिंग करायचं. टायर चढवलेला असताना वेल्डिंग केलं तर आतली हवा तापून टायर बॉम्बसारखा फुटतो, यात माणसं गेलेली आहेत. टायर रिमवर बसत नाही म्हणून ३५ पौंडांच्या वर हवा मारू नये आणि हवा भरताना समोर वाकून उभं राहू नये. भिंतीवरचा बाण पुढच्या दिशेला फिरेल असाच टायर लावावा.

पाणी भरायचं तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे पाऊण भाग. १३.६ च्या एका टायरमध्ये दीडशे लिटरपेक्षा जास्त पाणी मावतं. रेडियलमध्ये एवढं पाणी भरू नये, त्याऐवजी लोखंडी वजनं लावावीत. हवा शेतात साधारण १२ ते १६ पौंड, ट्रॉलीच्या कामाला थोडी जास्त. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघावा. पहिल्या दिवसाचं काम झालं की संध्याकाळी दोन्ही चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत, कारण रंग दबल्यावर ते हमखास ढिले होतात.